दार कुमुदिनीताईंना ओळखतं

चौथ्या मजल्यावरच्या बोळातून ऋजुता खांबेटे तिसऱ्यांदा चालत आली आणि दारापाशी थांबली. दार उघडलं नाही.

"जरा मोकळ्या चाला ताई," रफिक मुलाणी म्हणाला. "परीक्षेला बसल्यासारख्या नका चालू. फरशीला कळतं ते."

"मी मोकळीच चालते आहे."

"मग जरा कमी मोकळ्या चाला."

मुळाकाठातल्या घरांना किल्ल्या नव्हत्या. नदीच्या अलीकडे ही वसाहत, पलीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि मध्ये फक्त पायी जायचा पूल. गाड्या वेशीवर ठेवायच्या. आत दूधवाल्यापासून कंपनीच्या संचालकापर्यंत सगळे पायीच फिरत, आणि पायाखालची फरशी त्यांना ओळखत असे. प्रत्येक फरशीखाली एक पातळ पत्रा होता. दाब पडला की त्यात बारीकशी वीज उमटे. टाच आधी टेकते की चवडा, भार डाव्या पायावर जास्त की उजव्या, एका पावलामागून दुसरं किती वेळाने येतं, या सगळ्याचा मिळून माणसागणिक वेगळा ठसा तयार होई. सरकारी भाषेत त्याला पदमुद्रा म्हणत. दुकानाशी, ऑफिसाशी, घराच्या दाराशी माणूस चालत येऊन पोचेपर्यंत तो कोण हे ठरलेलं असे.

शहराच्या पूर्वेच्या जुन्या भागात, जिथे ऋजुता राहत होती, तिथेही रस्त्याकडेला या फरश्या होत्या. पण तिथे त्या मुक्या होत्या, पावलं नुसती नोंदवत. म्हातारं माणूस पडलं तर दवाखान्याला कळवायचं, लोकांपुरतं एवढंच त्यांचं काम. घरांना अजून कुलपं होती. त्यामुळे आपल्या चालण्यात काही बिघाड आहे, हे इतके दिवस तिच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

मुलाणी मूळचा कराडकडचा. घरं दाखवायच्या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते. ऋजुताला त्याने दाखवलेलं हे सातवं की आठवं घर. एका मालकाला एकटी बाई नको होती. दुसऱ्याला एकटी चालत होती, पण तिच्याकडे एवढी पुस्तकं का, हे कळत नव्हतं. भिंतीला वाळवी लागेल म्हणाला. फरशी आल्यापासून भाडेकरूचं येणंजाणं मालकांना घरबसल्या समजत असे, तरी लग्न का नाही केलंत, हे ते तोंडानेच विचारत. या घराच्या मालकीणबाई, बिडवेकाकू, मुलाकडे नाशिकला राहत होत्या. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. फक्त संध्याकाळपर्यंत पक्कं करा म्हणाल्या होत्या, कारण एक जोडपंही घर बघून गेलं होतं.

आणि ऋजुताला घर हवंच होतं. सोमवारी पुलापलीकडच्या एका कंपनीत ती रुजू होणार होती. बोलणाऱ्या यंत्रांच्या मराठीवर हात फिरवण्याचं काम. तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला असं काम पुन्हा मिळणार नाही, हे मुलाखत घेणाऱ्याने न बोलता सांगितलं होतं. अट एकच: कर्मचारी पायी येता येईल अशा परिसरात राहणारा हवा. पत्ता नाही तर नेमणूक नाही.

ती बोळाच्या टोकाला परत गेली. सकाळपासून पायपीट झाली होती. आता मोकळं चालायचं की कमी मोकळं, याचा विचार करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती आपली आली, जशी आली तशी.

दाराच्या चौकटीतला दिवा मंद झाला. बोळातले दिवेही डोळ्यांवर येणार नाहीत इतके उतरले. आणि एक आवाज म्हणाला, "स्वागत आहे, कुमुदिनीताई. पुढे उंबरा आहे. सावकाश. या घराची परवानगी आपल्या नावे दिली गेलेली नाही आहे."

ऋजुताच्या मनात पहिला विचार आला तो असा, की 'दिली गेलेली नाही आहे' हे कोणी लिहिलं असेल. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तिने भिंतीला हात टेकला.

"चला, बोललं तरी," मुलाणी म्हणाला. "कुमुदिनी कोण?"

"माझी आई."

"मग त्यांना घेऊनच यायचं ना ताई. घर दोघींच्या नावे करू. काकूंनाही बरं वाटेल."

"चार महिन्यांपूर्वी गेली ती."

 मुलाणीने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं, तिथे कोणीतरी उभं असावं तसं.

---

वसाहतीच्या कचेरीत दिगंबर चौबळ बसले होते. मुळाकाठाचे सचिव. एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला अत्यंत सभ्य. त्यांनी ऋजुताला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि पडद्यावरचं वाचून दाखवायला लागले.

"कुमुदिनी दत्तात्रेय खांबेटे. वय अठ्ठ्याहत्तर. हयात."

"त्या हयात नाहीत. मी दाखला दिलाय तुम्हाला. तुमच्या हाताखाली आहे तो."

"दाखला आहे. खरा आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." चौबळांनी तो नीट सरळ करून ठेवला. "पण मृत्यूची नोंद स्थगित आहे. त्याचं असं आहे, मॅडम, मध्यंतरी काही लोकांनी जिवंत नातेवाइकांना कागदावर मारलं. जमिनीबिमिनीसाठी. तेव्हापासून नियम झाला की मृत्यूच्या नोंदीनंतर जर त्या माणसाची पावलं आढळली, तर ती नोंद धरायची नाही. माणसाच्या भल्याचाच नियम आहे."

"आणि पावलं आढळली."

"रोज आढळतात."

"कुठे?"

चौबळांनी चष्मा वर केला. ते खरोखर बघून सांगत होते. "काल संध्याकाळी मंडईत होत्या. आज सकाळी मेट्रोच्या जिन्यावर, मग इथल्या बागेजवळ. आत्ता..." ते थांबले. "आत्ता माझ्या टेबलासमोर."

कोपऱ्यात उभा असलेला मुलाणी खाकरला.

"काका," ऋजुता म्हणाली. चिडली की तिचा आवाज खाली जात असे. "टेबलासमोर मी बसले आहे. तुम्ही मला पाणी दिलंत. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची दिसते का?"

"दिसण्यावर आम्ही काहीच ठरवत नाही. ते बंद केलं, भेदभाव होतो म्हणून."

"मग मी कोण आहे? ऋजुता खांबेटे म्हणून बघा ना."

त्यांनी बघितलं. "आहात. निष्क्रिय. शेवटचं पाऊल तीन वर्षांपूर्वीचं."

"म्हणजे मीच मेले."

"छे, छे. तसं कसं म्हणता येईल. तुमची कोणी चौकशी केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ." मग त्यांना काहीतरी आठवलं. "एक विचारू? रस्ता ओलांडताना सिग्नल तुमच्यासाठी थांबून राहतो का?"

ऋजुताने मनाशी एकेक चौक आठवून पाहिला. थांबत होता. गेले काही महिने प्रत्येक चौकात हिरवा दिवा ती पलीकडे जाईपर्यंत तसाच राहत होता. शहर जरा शहाणं झालं असेल, असं तिला वाटलं होतं.

मुलाणीने तिला खुणेने बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तिथे त्याने आवाज उतरवला, पण चौबळांना ऐकू जाईल इतपतच.

"ताई, मी एक सांगू? रागावू नका. घर कुमुदिनीबाईंच्या नावाने घेऊन टाका."

"काय?"

"त्या हयात आहेत ना? पदमुद्रा जुळते आहे ना? अर्ज त्यांचा. राहायचं तुम्ही. दार उघडेल, लिफ्ट थांबून राहील, बागेत बाकावर जागा मिळेल. तुमचं काय जातंय?"

"नियमात बसतं," आतून चौबळ म्हणाले.

मुलाणीने तेवढ्यात बिडवेकाकूंना फोन लावलाही होता. "काकू, घर आई घेतायत... हो, वय झालेल्या आहेत... शांत आहेत, एकदम शांत." त्याने ऋजुताकडे न बघता फोन पुढे धरला. "वयस्कर बाई असली की घर नीट राहतं हो," नाशिकहून काकूंचा आवाज आला. "तुम्हा मुलींना साधी तुळस जगवता येत नाही."

"आणि सोमवारी?" ऋजुताने फोन बंद झाल्यावर विचारलं. "ऑफिसच्या दारातून कोण आत जाणार?"

"त्याच."

"त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत."

"अनुभव आहे म्हणायचं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी, आणि मनाविरुद्ध. तेवढ्यात तिला त्या सूचनेतलं मऊ टोक टोचलं.  तिला काहीच करावं लागणार नव्हतं. या वसाहतीतलं प्रत्येक दार, प्रत्येक दुकान रोज तिच्या आईचं नाव घेणार होतं. संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा दिवे मंद होतील आणि कोणीतरी म्हणेल, सावकाश. दहाव्याला, तेराव्याला, नंतर कागदपत्रांच्या वेळी प्रत्येकाने आई गेली हे तिच्याकडून वदवून घेतलं होतं. इथे एक यंत्रणा होती जी ते मानायलाच तयार नव्हती.

"मग अर्ज काढू का?" चौबळ दारात आले. "कुमुदिनीताईंची सही लागेल, दोन ठिकाणी."

आईच्या औषधांच्या पावत्यांवर, बँकेत, दवाखान्यात तिने तीन वर्षं सह्या केल्या होत्या. पण त्या स्वतःच्या, 'करिता' म्हणून. आईची सही तिने कधी केली नव्हती. आईने करू दिली नसती.

"नको," ती म्हणाली. "हे दुरुस्त कुठे करून मिळेल ते सांगा."

"नाक्यावर पदमुद्रा केंद्र आहे. पण मॅडम, सहापर्यंत. मला त्या जोडप्याला काहीतरी सांगावं लागेल."

---

केंद्रावर चारुशीला गोतमारे नावाची एकच अभियंता होती आणि ती उशिराचा डबा खात होती. ऋजुताने सगळं सांगितलं. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होती, त्यामुळे त्यात आता वाक्यं कमी आणि कंटाळा जास्त होता. गोतमारेने पोळीचा तुकडा हातात तसाच धरून पडदा स्वतःकडे वळवला.

"त्या पट्टीवरून चाला एकदा. तिकडून इकडे."

खोलीच्या मध्यावर राखाडी पट्टी होती. ऋजुता चालली.

"उजवा हात असा का धरलाय?"

ऋजुताने खाली बघितलं. तिचा उजवा हात कोपरात वाकलेला होता, तळवा वर, जणू त्यावर कोणी काही ठेवणार आहे. तिने तो खाली सोडला. दोन पावलांत तो परत वर आला.

गोतमारेने काही वेळ पडद्यावरचं मागे मागे नेलं. ठिपक्यांची लांबच लांब रांग होती. "हे बघा मॅडम, या तुमच्या आई. नोंदीत एक शस्त्रक्रिया दिसते, ही तिच्याआधीची पावलं. एकाआड एक, दोन ठिपके. आणि शस्त्रक्रियेनंतर..." तिने बोट ठेवलं. "इथून पुढे चार."

"चार?"

"पुढे चाकं आणि मागे दोन पाय असलेला वॉकर घेऊन जी माणसं चालतात, त्यांची पावलं अशी उमटतात. माणसाची दोन, त्याच्या जोडीला साधनाची दोन. आमची व्यवस्था ते सगळं मिळून एक माणूस धरते. नाहीतर वॉकरलाही नाव द्यावं लागलं असतं. इथे लिहिलंय बघा. चालणारी व्यक्ती, कुमुदिनी खांबेटे. सोबत आधारसाधन, एक."

"तिने वॉकर कधी वापरलाच नाही," ऋजुता म्हणाली. "आणला होता. त्यावर टॉवेल वाळत घालायची."

"मग हे काय आहे?"

ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. चारही ठिपके एका लयीत पडत होते. जरासुद्धा मागेपुढे नाही.

"ते मी आहे," ती म्हणाली.

गोतमारेने पोळी डब्यात ठेवली.

"खुब्याचं ऑपरेशन झालं होतं," ऋजुता सांगू लागली. "तिचा कोपर माझ्या हातात असायचा. माझं पाऊल तिच्या पावलाबरोबर पडलं नाही तर ती अडखळायची. म्हणून मी लावून घेतलं. तिचं डावं तेव्हा माझं डावं. रोज सकाळ-संध्याकाळ."

"आणि एकट्या कुठे जात असाल तेव्हा?"

"फारशी जात नव्हतेच. दूध, औषधं. नोकरी सोडली होती. जायचे तेव्हाही तशीच चालत असेन. काय माहीत. आपण कसे चालतो ते कोण बघतं?"

"फरशी बघते," गोतमारे म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "ती सतत शिकत असते. माणूस म्हातारं होतं, लंगडतं, जाड होतं, त्याप्रमाणे त्याचा ठसा बदलत नेते. तुम्ही तीन वर्षं सोबत चाललात, तिने तुम्हा दोघींचा मिळून एक ठसा केला. तुमचं जुनं झपझप चालणं कुठे दिसेना, म्हणून ते बाजूला ठेवून दिलं. आता आई नाहीत, आणि त्यातला अर्धा भाग शहरभर फिरतोय. फरशीच्या दृष्टीने कुमुदिनीताईंनी वॉकर सोडला. प्रकृती सुधारली."

"म्हणजे तीन वर्षं मी वॉकर होते."

"नोंदीत."

"आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही."

"मॅडम, वॉकरने तक्रार करेपर्यंत आम्हाला कळणार कसं?"

ऋजुताला राग यायला हवा होता. सकाळपासून प्रत्येकावर आला होता, चौबळांच्या सभ्यतेवर, दाराच्या मराठीवर. पण हे इतकं बरोबर होतं की रागाला कुठे धरायला जागा नव्हती. नातेवाईक भेटायला येत तेव्हा आईला विचारत, कशी आहेस. आणि मग तिला विचारत, कशी आहे.

"वेगळं करता येईल?"

"येईल. पण त्यासाठी आईंची एकटीची पावलं लागतील. शस्त्रक्रियेनंतरची, तुमच्याशिवायची. ती मिळाली की बाकीच्यातून वजा करता येतं."

"मग नाही होणार. ती एकटी कधी चाललीच नाही."

"बघते तरी. अनोळखी पावलांचा एक मोठा ढीग असतो आमच्याकडे, कोणाशीच न जुळलेला. दवाखान्यात त्यांची एकदा चाल मोजली असेल ना? तिच्याशी ताडून बघते."

शोध चालू असताना मुलाणी दारातून डोकावला. ते जोडपं पुन्हा आलं होतं म्हणे. नवरा चौबळांशी क्रिकेटवर बोलत होता आणि चौबळ खुशीत होते. "हे बरं लक्षण नाही ताई," तो म्हणाला आणि परत पळाला.

"मिळाली," गोतमारे म्हणाली.

"काय मिळालं?"

"बरीच आहेत. तुमच्या इमारतीमागची गल्ली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दुपारची वेळ, दरवेळी."

दुपारी ऋजुता दार लावून भाषांतराची सुटी कामं करत असे. आई त्या वेळी झोपते, हे घरात इतकं पक्कं होतं की ते कोणी ठरवलं, हेही तिला आठवत नव्हतं.

"ती दुसरी कोणी असेल."

"उजव्या खुब्याला रॉड, भार डावीकडे, टाच किंचित ओढलेली. दवाखान्याच्या मोजणीशी बरोबर बसतं. त्याच आहेत. फरशीने ओळखलं नाही, कारण तिच्या मते तुमच्या आईंना चार पाय होते आणि लयही तुमच्यासोबतचीच." गोतमारेने पुढचे ठिपके बघितले. आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच कामापलीकडचं काहीतरी आलं. "चांगल्या चालायच्या की हो. सुरुवातीला भिंतीला धरून असाव्यात. नंतर बघा, पावलं कशी मोकळी पडलीत. तुमच्याबरोबर असताना यापेक्षा कितीतरी हळू आहेत."

"त्याच दिवसांत?"

"त्याच दिवशी. दुपारी हा वेग. संध्याकाळी तुमच्याबरोबर हा."

ऋजुता पडद्याजवळ गेली. ठिपक्यांना चेहरा नसतो. तरी गल्लीच्या टोकाशी ते एका जागी दाट झाले होते, जिथे वळताना आई थांबली असणार, दम घेतला असणार, पदर खोचला असणार.

संध्याकाळी बरोबर पाचला आई दारात उभी राहायची आणि कोपर पुढे करायची. चल, धर. उपकार केल्यासारखी. मागच्या वर्षी या कंपनीची जाहिरात पहिल्यांदा आली तेव्हा आईच म्हणाली होती, हे कर ना तू. "आणि तुला चालवणार कोण?" ऋजुताने विचारलं होतं. जरा कडवटपणेच. आईने त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मग ऋजुताच्या तोंडाकडे बघितलं, आणि कोपर पुढे केला.

"सांगायचं ना मग," ऋजुता मोठ्याने म्हणाली. आवाज चढला होता. "येत होतं तर सांगायचं. मी तीन वर्षं... एवढं साधं. मला चालता येतंय, तू जा. चार शब्द. सगळ्या जगाला शिकवत बसायची, आणि हे नाही सांगता आलं?"

गोतमारेने डब्याचं झाकण लावलं. लावायला तिने बराच वेळ घेतला.

"का हळू चालायची ती माझ्याबरोबर?" ऋजुताने विचारलं.

"ते फरशीत येत नाही, मॅडम."

बाहेर पुलावरून कंपन्या सुटलेल्यांची गर्दी येऊ लागली होती. शेकडो पावलं, आणि प्रत्येकाचं नाव कुठेतरी उमटत असणार.

"वेगळं करते," गोतमारे म्हणाली. "त्याआधी तुम्हाला सांगणं भाग आहे. एकदा वेगळं झालं की गेल्या चार महिन्यांतली सगळी पावलं तुमची ठरतील. आईंचं शेवटचं पाऊल त्याआधीचं. मृत्यूची नोंद आपोआप पक्की होईल. मग ती मला परत फिरवता येणार नाही. तुमचा होकार लागेल. बोलून."

ऋजुताने ओल्या रुमालाने चेहरा पुसला. आईला जाऊन चार महिने झाले होते आणि आज कोणीतरी तिला विचारत होतं, की चालेल का.

"तिचं शेवटचं पाऊल कुठलं आहे?"

गोतमारेने बघितलं. "गल्लीतलंच. एकटीचं. घराकडे येणारं."

"हो," ऋजुता म्हणाली. "करा."

फार काही झालं नाही. चार ठिपक्यांची रांग मधोमध उलगडली आणि दोन रांगा झाल्या. एक थोडी पुढे जाऊन थांबली. दुसरी पडद्याच्या कडेपर्यंत आली.

"आता तुमची नवी नोंद. जुनी घेऊन उपयोग नाही, ती बाई आता तुमच्यात नाही." गोतमारेने पट्टीकडे हात केला. "तीन वेळा चालायचं. आधी हळू."

ऋजुता हळू चालली. ते तिला येत होतं. तिचा हात मध्येच वर आला, तो तिने तसाच राहू दिला.

"आता घाईत."

मुलाणी तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला होता, धापा टाकत. "ताई, चौबळ थांबलेत, पण पेन हातात घेऊन थांबलेत. आणि काकू विचारतायत, आई घेणार की मुलगी घेणार, दोन दोन नावं कशाला. मी म्हटलं मुलगी. ठीक आहे ना?"

"ठीक आहे," ऋजुता म्हणाली आणि घाईत चालली. मुलाणीच्या तोंडाकडे बघून ते अवघड नव्हतं.

"झालं. आता शेवटचं. हे सगळ्यात सोपं, लोक मोबाईल बघत उरकतात." गोतमारेने पडदा कोरा केला. "नेहमीसारखं चाला."

ऋजुता पट्टीच्या कडेशी उभी राहिली. समोरच्या भिंतीपर्यंत फारतर दहा-बारा पावलांचं अंतर होतं. तिने डावा पाय उचलला, मग तो आईचा म्हणून खाली ठेवला. उजवा उचलला. मुलाणी घड्याळाकडे बघायचं टाळत होता आणि त्यामुळे ते अधिकच दिसत होतं.

"मॅडम," गोतमारे म्हणाली. "नेहमीसारखं."

"हो," ऋजुता म्हणाली. "म्हणजे कोणासारखं?"